मुबारक बेगमची मशीद

(महिला दिनाच्या निमित्ताने पुण्यात भरलेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'दिल्लीतील एक जुनी मशीद' असा विषय छापलेला पाहून सकाळपासून तिघी-चौघींनी मला विचारलं, हे मध्येच काय? काल आपण पोटगीवर बोललो, आज सकाळी कौटुंबिक हिंसेच्या कायद्यावर बोललो, दुपारी रेशनकार्डावर बोलायचं आहे, आणि जेवणाच्या आधी मशीद? एकीने तर बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वाद नाही ना होणार?" मशीद म्हटलं की १९९२ नंतर आपल्या मनात आधी वादच उभा राहतो. त्यात तिची काही चूक नाही.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून वस्तीत काम करते आहे. पण आपल्या कामातले काही प्रश्न मला त्या मशिदीपाशी जसे दिसले, तसे कुठल्या प्रशिक्षणात दिसले नव्हते. म्हणून आयोजक मैत्रिणींकडे हट्टाने हा विषय मागून घेतला. आणखी एक कारण आहे. ज्या बाईच्या नावाची ती मशीद आहे, ती बाई आपल्या पुण्याची होती.

डिसेंबर २०१८ मध्ये वेश्यावस्तीतल्या मुलांच्या शाळाप्रवेशाबाबत एक बैठक होती, म्हणून मी दिल्लीला गेले होते. बैठक संपल्यावर आम्ही दोघी-तिघी जी. बी. रोडला गेलो. खाली पंप, नळ, लोखंडी सामान यांची दुकानं आणि वर कोठे. सरकारी कागदावर त्या रस्त्याचं नाव स्वामी श्रद्धानंद मार्ग आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगून बघा! तिथे एका खोलीत चहा पिता पिता एक वयस्क बाई म्हणाली, "आमच्यातलीच एक इथे जवळच मशीद बांधून गेली आहे. बघून जा." हिंदीत ती म्हणाली ते असं, "हमारी वाली की मस्जिद." तिने अभिमानाने सांगितलं होतं ते. आपल्या घराण्यातल्या कर्त्या पुरुषाबद्दल आपण ज्या सुरात सांगतो ना, त्याच सुरात.

अजमेरी दरवाजावरून पुढे गेलं की हौज काझीचा चौक लागतो. चावडी बाजारचं मेट्रो स्टेशन तिथेच आहे. चावडी हा शब्द मराठीतून तिथे गेला असं सांगतात. १८०३ पर्यंत दिल्लीत शिंद्यांचा अंमल होता, तेव्हा यात नवल काही नाही. चौकात मी एका दुकानदाराला विचारलं, "मुबारक बेगम की मस्जिद किधर है?" त्याला कळेना. शेजारच्याला विचारलं, त्यालाही कळेना. मग तिथे उभ्या असलेल्या एका हातगाडीवाल्या पोराने विचारलं, "कौन सी? रंडी की मस्जिद?" आणि लगेच बोट दाखवलं. मी जिथे उभी होते तिथून ती दिसत होती. दुकानातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्या पोराला डोळ्यांनी दटावलं आणि मला म्हणाले, "बेटी, बेगम साहिबा की मस्जिद कहिए."

हा शब्द मी इथे मुद्दाम उच्चारला. पुढे पुन्हा पुन्हा उच्चारणार नाही, पण एकदा तो सगळ्यांच्या कानावर पडायला हवा होता. दोनशे वर्षं त्या शहरातली माणसं एका प्रार्थनेच्या जागेला या नावाने हाक मारत आली आहेत. "नमाज कुठे पढलास?" या प्रश्नाला असं उत्तर देत आली आहेत. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनासुद्धा आपल्यासमोर बाई उभी आहे म्हणून लाज वाटली. एरवी त्यांनीही तेच नाव घेतलं असतं, असं माझं मत.

मशीद तशी लहान आहे. लाल कुआँच्या बाजारात अगदी रस्त्याला लागून. खाली दुकानं, वर मशीद, जिना चढून जायचं. लाल दगड, समोर तीन कमानी, वर तीन घुमट. जवळच शाहजहानची जामा मशीद आहे, तिथे पंचवीस हजार माणसं मावतात म्हणे. तिच्यापुढे ही म्हणजे वाड्यापुढे बिऱ्हाड. बांधली १८२२-२३ मध्ये. बांधणारीचं नाव शिलालेखात कोरलेलं आहे, मुबारक बेगम. नमाजची वेळ नव्हती. वरच्या एका माणसाने "आइए, देख लीजिए" म्हणून बोलावलं, तेव्हा मी डोक्यावरून ओढणी घेऊन वर गेले आणि ते नाव ज्या कमानीवर आहे ती पाहून आले. मला फारसी येत नाही. त्याने बोट ठेवून दाखवलं, "यह देखिए, मुबारक."

आता ही मुबारक कोण?

दिल्लीत ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला रेसिडेन्ट होता डेव्हिड ऑक्टरलोनी. १७५८ मध्ये अमेरिकेत बोस्टनला जन्मलेला हा माणूस. १८०३ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून दिल्ली घेतली, तेव्हा तो तिथे नेमला गेला. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला, तेव्हा शहर राखलं तेही यानेच. म्हणजे मराठ्यांच्या हातून दिल्ली कशी गेली या गोष्टीतलं हे एक ठळक पात्र. हा गोरा अधिकारी मुघल उमरावाच्या थाटात राहायचा. अंगरखा, हुक्का, नाचगाणी. संध्याकाळी त्याच्या तेरा बायका तेरा हत्तींवर बसून त्याच्या मागून फिरायला निघत, अशी कथा आहे. दिल्लीवरच्या कुठल्याही पुस्तकात हे तेरा हत्ती येतातच! लेखकमंडळींना ते फार आवडतात. हत्तीवर बसलेल्या तेरा बायकांची नावं विचारा, बहुतेकांना एकही सांगता येणार नाही.

त्यांतल्या एकीचं नाव त्याच्या मृत्युपत्रात आहे. आपल्या धाकट्या मुलांची आई म्हणून त्याने तिचा उल्लेख केला आहे. बीबी महरट्टन मुबारक-उन-निसा बेगम ऊर्फ बेगम ऑक्टरलोनी. महरट्टन म्हणजे मराठीण. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. एवढ्या लांबलचक नावात आईबापांनी ठेवलेलं नाव नाही. बीबी आहे, बेगम आहे, मुसलमान झाल्यावर मिळालेलं नाव आहे, मालकाचं आडनाव आहे, आणि ती कुठल्या मुलखातून आली ते आहे. बाजारातून माल आणला की त्याच्यावर गावाची चिठ्ठी असते, तसं.

पुण्याची, ब्राह्मण घरातली, गुलाम म्हणून विकली गेलेली, नाचणारी, अशी तिची वर्णनं इतिहासकारांनी दिली आहेत. आपल्याला हे ऐकून धक्का बसतो, कारण शाळेत आपण जी पेशवाई शिकलो तिच्यात बायका विकल्या जात नव्हत्या. प्रत्यक्षात जात होत्या. कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, विकल्या जात, बक्षीस दिल्या जात. शेणगोठा, दळणकांडण, पागेतली कामं, आणि मालकाला वाटेल ते. यात नुसता गरिबीचा भाग नव्हता. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या बाईला सरकारनेच कुणबीण करण्याची शिक्षा पेशवाईच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे. म्हणजे घराने टाकलं, जातीने टाकलं, आणि मग सरकारने तिला कामाला जुंपलं. बरोबरच्या पुरुषाचं काय झालं, ते मी सांगायला नको. गुलामी कायद्याने मान्य असणं या देशात थांबलं ते १८४३ मध्ये. मुबारकची नेमकी हकीकत अशीच होती असं मी म्हणत नाही. पण तिच्यासारखी मुलगी पुण्याहून दिल्लीपर्यंत जाण्याचा रस्ता अशा खरेदी-विक्रीतून जात होता, एवढं नक्की.

दिल्लीला ती नुसती पोचली नाही, तिथे ती उभी राहिली. ऑक्टरलोनी तिच्यापेक्षा वयाने पुष्कळ मोठा. घरात तिचं चाले. लोक तिला 'जनरली बेगम' म्हणत, जनरलसाहेबाची बेगम. ती स्वतःला लेडी ऑक्टरलोनी म्हणवून घेई, तेव्हा इंग्रज चिडत. ती स्वतःला कुदसिया बेगम म्हणवून घेई, तेव्हा मुघल दरबार चिडे, कारण तो किताब बादशहाच्या आईचा. ती नजराणे देई-घेई, खिलती स्वीकारी, हजला जायची परवानगी मागे. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात तिच्याबद्दल जे लिहिलेलं आहे त्याचा सूर तुमच्या माझ्या ओळखीचा आहे. बाईच्या नादी लागून साहेब बिघडला, हा तो सूर. आपल्या समुपदेशन केंद्रात सासरची माणसं येऊन हेच सांगतात की नाही?

कुदसिया या किताबावरून एक गंमत सांगते. त्या आधीच्या शतकात, बादशहा मुहम्मदशहाच्या काळात, जिला हा किताब मिळाला ती उधमबाई. तीही मुळात नाचणारीच होती. बादशहाने तिच्याशी लग्न केलं, तिचा मुलगा गादीवर बसला, ती नवाब कुदसिया बेगम झाली, आणि तिची बाग आजही दिल्लीत कुदसिया बाग म्हणूनच ओळखली जाते. धंदा एकच. पोरगा बादशहा झाला तर कुदसिया, नाही झाला तर तो दुसरा शब्द.

मुबारकच्या पोटी मुली झाल्या. त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढवावं की मुसलमान म्हणून, या विवंचनेत ऑक्टरलोनी होता. गोऱ्यांच्यात नेलं तर काळ्या बाईच्या अनौरस मुली म्हणून त्यांची अवहेलना होईल, हे त्याला दिसत होतं. बापाने हा विचार केला याचं श्रेय त्याला द्यायला हवं. या प्रश्नात आईला काय वाटत होतं, ते मात्र त्या कागदांत कोणी लिहून ठेवलं नाही.

१८२५ च्या जुलैमध्ये मीरतला ऑक्टरलोनी वारला. तिच्या नावाने दिल्लीत त्याने मुबारक बाग केली होती, ती तिच्याकडे आली. बागेतली इमारत पुढे १८५७ च्या लढाईत नष्ट झाली. मुबारकने नंतर विलायत अली खान या मुघल अमीराशी लग्न केलं आणि १८५७ मध्ये ती इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला होती, असं इतिहासकार विल्यम डॅलरिंपल यांनी लिहिलं आहे. हौज काझीला तिची हवेली होती. उर्दू वाचणाऱ्या मैत्रिणींना ती ठाऊक असेल. फरहतुल्ला बेग यांनी 'दिल्ली की आखरी शमा' या पुस्तकात १८४५ चा जो मुशायरा कल्पिला आहे, तो याच हवेलीत. गालिबची गल्ली कासिम जानही लाल कुआँच्या रस्त्यालाच येऊन मिळते. म्हणजे ती काही अडगळीत पडलेली बाई नव्हती. शहराच्या मध्यावर होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि डॅलरिंपल म्हणतात की तिच्याबद्दलची नावड एवढी होती की तिने बांधलेल्या जागी दिल्लीतले खानदानी लोक जायला तयार नसत.

काही जण म्हणतात, मशीद तिने बांधलीच नाही, ऑक्टरलोनीने तिच्यासाठी बांधून दिली. असेल. ताजमहाल शाहजहानने बांधला असं आपण म्हणतो, त्याने एक वीट उचलली नव्हती. बाईचं नाव आलं की मात्र पैसा कोणाचा होता याची चौकशी सुरू होते. घर तुमच्या नावावर आहे ताई, पण हप्ते कोण भरतं? हे आपण रोज ऐकतो.

दिल्लीत मशिदी बांधणारी मुबारक ही एकटी बाई नव्हे. अकबराची दाई माहम अंगा हिने १५६१ च्या सुमारास जुन्या किल्ल्यासमोर मशीद बांधली, खैर-उल-मनाजिल. शाहजहानच्या दोन बेगमांच्या मशिदी १६५० च्या, फतेहपुरी आणि अकबराबादी. १८५७ चं बंड मोडल्यावर इंग्रजांनी फतेहपुरी मशीद लाला चुन्नामल या सावकाराला १९,००० रुपयांना विकली आणि १८७७ मध्ये ती मुसलमानांना परत मिळाली. अकबराबादी तर पाडूनच टाकली. औरंगजेबाची मुलगी जीनत-उन-निसा जन्मभर लग्नाशिवाय राहिली. बापाने हुंड्यासाठी ठेवलेला पैसा मागून घेऊन तिने यमुनेकाठी मशीद बांधली, असं सांगतात. हुंड्याचा याहून चांगला उपयोग मी तरी ऐकलेला नाही! त्या मशिदीत १८५७ नंतर इंग्रजांनी पावाची भट्टी घातली होती. काश्मिरी दरवाजाजवळची फख्र-उल-मसाजिद एका विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी १७२८-२९ मध्ये बांधली.

या यादीकडे जरा नीट बघा. दाई, बेगम, शहजादी, विधवा, तवायफ. या सगळ्याच जणी पैसा खर्च करू शकत होत्या. मुसलमान बाईचा मेहर तिचा स्वतःचा असतो, इनाम तिच्या नावावर असू शकत होतं, ती वक्फ करू शकत होती. हे अधिकार आपल्या हिंदू कायद्यातल्या बायकांना किती उशिरा मिळाले, ते कालच्या सत्रात आपण पाहिलंच. सहा जणींनी मशिदी बांधल्या, पण पाच मशिदींची नावं सन्मानाची राहिली आणि सहावीचं शिवी झालं. बांधकामात फरक नव्हता. फरक होता तो बाई कोणाच्या घरात, कोणत्या नात्याने राहत होती एवढाच. आई, बायको, मुलगी, विधवा ही नाती चालतात. नातं सांगता आलं नाही की बाई उरत नाही, शब्द उरतो.

आणि तो शब्दही बघा ना. संस्कृतातल्या 'रंडा'पासून तो निघाला आणि त्याचा जुना अर्थ विधवा. मराठीत रंडकी, रांडाव हे शब्द आपल्या आज्या सहज वापरत. ज्या बाईवर नवऱ्याची मालकी उरली नाही तिच्यासाठी असलेला शब्द घसरत घसरत धंदा करणाऱ्या बाईवर गेला, आणि तिथून भांडणात कुठल्याही बाईच्या तोंडावर फेकण्याची शिवी झाला. जुन्या उर्दूत तो नुसता 'बाई' या अर्थानेही येतो. म्हणजे बाई, विधवा आणि वेश्या या तिघींना पुरुषी भाषेत एकच शब्द पुरत होता. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली तीही एका विधवेवर चाललेल्या खटल्यावरून. बाई बिघडली म्हणता, तर तिला बिघडवणारा कोण, हा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला. हौज काझीच्या चौकात तो अजून विचारायचा बाकी आहे.

इथे कोणी म्हणेल, शब्दाला एवढं काय घाबरायचं? सांगलीच्या मैत्रिणींनी १९९६ मध्ये संघटना काढली तेव्हा नावातच 'वेश्या' शब्द ठेवला, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. हा मुद्दा मला मान्य आहे. जी. बी. रोडवरची ती बाई "हमारी वाली" म्हणाली, त्यातही तेच होतं. तिने मुबारकला आपल्यात घेतलं. पण स्वतः उचललेला शब्द आणि दुसऱ्याने कपाळावर मारलेला शब्द यांत फरक आहे, आणि कोणता कुठला हे ठरवायचा अधिकार ज्यांना तो लागतो त्यांचा.

नाव बदलता येत नाही, लोकांच्या तोंडी बसलं आहे, असंही म्हणतात. मग ऐका. ऑक्टरलोनीच्या स्मरणार्थ कलकत्त्यात १८२८ मध्ये एक उंच मनोरा बांधला गेला, ऑक्टरलोनी मॉन्युमेंट. १९६९ मध्ये त्याचं नाव शहीद मिनार झालं. आज कलकत्त्यात सगळे शहीद मिनारच म्हणतात. जनरलसाहेबाचं नाव एका निर्णयाने गेलं. त्याच्या बीबीच्या नावावरची शिवी काढायला कोणालाही निर्णय घ्यावासा वाटला नाही. घ्यायचा म्हटला तर शासनाची गरजही नाही. नाव तर शिलालेखात कोरलेलं आहे, तेवढं घ्यायचं.

१९ जुलै २०२० ला पहाटेच्या जोरदार पावसात या मशिदीचा मधला घुमट कोसळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. टाळेबंदीचे दिवस होते, आम्ही इथे शिधावाटपात बुडालेलो. कोणीतरी मोबाइलवर बातमी पाठवली. मथळ्यात मुबारक बेगमच्या आधी ती शिवीच होती. घुमट पडल्याची बातमी आणि तिची कुचेष्टा, दोन्ही एका ओळीत. ती बातमी पाहिली आणि मला आमच्या स्वतःच्या संस्थेतली एक गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

मी नवीन असताना ज्या संस्थेत होते, तिथे आम्ही वस्तीतल्या धंदा करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर चालवायचो. एका पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं. देणग्या मागितल्या. वस्तीतलीच एक मावशी, तिचं स्वतःचं मूल कधीच मोठं होऊन गेलेलं, तिने पाच हजार रुपये आणून दिले. दहा-दहाच्या, पन्नासच्या नोटा, रुमालात बांधलेल्या. आम्ही पावती दिली. वर्षाच्या अहवालात देणगीदारांची यादी छापली तेव्हा डॉक्टर होते, बिल्डर होते, रोटरीचे लोक होते, आणि मावशीच्या पाच हजारांपुढे होतं 'एक हितचिंतक'. बैठकीत ठरलं होतं तसं. तिचीच बदनामी होऊ नये म्हणून, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्या यादीत तिचं नाव पाहून बाकीचे देणगीदार काय म्हणतील, ही भीती होती. त्या बैठकीत मीही होते. मी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही.

मावशीला वाचता येत नव्हतं. तिने अहवाल एका पोराकडून वाचून घेतला आणि माझ्याकडे आली. "ताई, माझा पैसा छपराला लागला ना?" मी म्हटलं, लागला. "मग नाव का नाही लागलं?" मी बदनामीचं कारण सांगितलं. ती हसली. म्हणाली, "माझी बदनामी तू करणार होय? ती झालेली आहे. तू फक्त नाव लिहायचं होतंस."

पुढच्या वर्षीच्या अहवालात नाव छापलं. तिचं खरं, गावाकडचं, पूर्ण नाव, तिने सांगितलं तसं. एकाही देणगीदाराने काहीही म्हटलं नाही. कोणी वाचलंच नसावं बहुतेक! पण त्या वेळी मावशी वस्तीत राहिली नव्हती, कुठे गेली ते कोणाला नीट सांगता आलं नाही. अहवालाची तिची प्रत माझ्याकडे आहे.

दिल्लीच्या मशिदीवर हसणाऱ्यांना मी नावं ठेवते तेव्हा हा अहवाल मला आठवतो.

थोडं दाराबद्दल बोलायला हवं. ज्या बायकांनी मशिदी बांधल्या, त्या मशिदींत बायकांनी नमाज पढायचा की नाही, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. २०१९ मध्ये पुण्याच्याच एका मुस्लिम दांपत्याने मशिदीत स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात म्हटलं की स्त्रियांना मशिदीत नमाजाची मनाई धर्मात नाही. कागदावर मनाई नाही आणि दारात मात्र आहे, हे आपल्याला मंदिरांतूनही ठाऊक आहे. तेव्हा यात 'त्यांचं' आणि 'आपलं' करू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीच्या दारांवर एकट्या मुलींना किंवा मुलींच्या गटांना प्रवेश नाही अशा पाट्या लागल्या. गदारोळ झाला आणि त्या काढल्या गेल्या. इथे मुंबईत हाजी अली दर्ग्यातल्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या मैत्रिणींनी उच्च न्यायालयातून २०१६ मध्ये मिळवला. वक्फच्या कायद्यात २०१३ मध्ये दुरुस्ती होऊन राज्य मंडळांवर किमान दोन स्त्रिया असाव्यात अशी तरतूद झाली. वक्फ करणाऱ्या बायका साडेचारशे वर्षांपूर्वीही होत्या आणि मंडळात दोन खुर्च्या मिळायला २०१३ उजाडलं. त्या खुर्च्यांवर कोण बसतं आणि त्यांना बोलू देतात का, यावर आपल्यातल्या मुस्लिम मैत्रिणींनी दुपारी बोलावं अशी माझी विनंती आहे. ते त्यांनीच बोलायचं आहे, मी नाही.

आता काम सांगते. मी नुसतं भाषण करून बसले तर माझ्या गटातल्या बायका मला घरी जाऊ देणार नाहीत. आपापल्या गावात, वॉर्डात एखाद्या बाईने बांधलेली विहीर असेल, धर्मशाळा असेल, देवळाचा सभामंडप, मशीद, पीर, घाट, नळकोंडाळं, काहीही. अहिल्याबाईंची नकोत, ती सगळ्यांना माहीत आहेत. लोक तिला काय म्हणतात ते लिहा, आणि दगडावर किंवा कागदावर काय लिहिलं आहे ते शेजारी लिहा. दोन्ही एकच असतील तर उत्तम. नसतील तर म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना तिसरंच काही माहीत असतं. देवळाच्या ट्रस्टींना विचारायला गेलात तर दोघी मिळून जा. पुढच्या बैठकीला हे कागद आणा, मी गोळा करते. आणि त्याबरोबर आपापल्या संस्थेचे गेल्या पाच वर्षांचे अहवालही काढून ठेवा. देणगीदारांची पानं आपण एकत्र बसून वाचणार आहोत. 'एक हितचिंतक' किती वेळा आलं आहे ते मोजायचं आहे.

प्रश्न असतील तर विचारा. जेवणाला अजून दहा मिनिटं आहेत.